एक जूनचा शनी

माणसाचे शरीर जमिनीवर राहत असले तरी त्याच्या दुखण्याची मुळे आकाशात असतात, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. मान आखडली तर ती उशीमुळे आखडते, असे मानण्याचे दिवस गेले. उशी हे निमित्त. खरा हात मंगळाचा. गुडघ्यात शनी, पोटात गुरू, डोक्यात चंद्र आणि कमरेत, विशेषतः बायकांच्या कमरेत, जवळजवळ सगळेच ग्रह आलटून पालटून मुक्कामाला असतात. एवढी गर्दी झाल्यावर कंबर दुखणारच. त्यात घरच्यांचा काहीही दोष नसतो, आणि हाच या शास्त्राचा सर्वांत मोठा दिलासा आहे.

हे शास्त्र जुन्नर तालुक्यात आणण्याचे श्रेय तेजस्विनी मॅडमना जाते. मॅडम मूळच्या पेठच्या. (पुण्यातल्या पेठांपैकी नव्हे, नाशिक रस्त्यावरच्या, आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावच्या. पुण्यात नोकरी करताना हा खुलासा त्यांना इतक्या वेळा करावा लागला की त्यातूनच त्यांना मनःशांतीची गरज भासू लागली, असे म्हणतात.) पुण्यात त्यांनी आधी संगणक सांभाळला, मग संगणकाने बिघडवलेली मान सांभाळायला योगासने शिकल्या, आणि योगासनांनी मान का सुधारत नाही हे पाहायला ज्योतिष शिकल्या. दोन्ही विद्या एकत्र केल्यावर मान कितपत सुधारली, हे विचारण्याचे धाडस कोणी केलेले नाही. पण ती एका बाजूला जरा कललेली असल्यामुळे मॅडम समोरच्याचे अगदी मन लावून ऐकत आहेत असे वाटते, आणि पुष्कळांना निम्मे बरे तिथेच वाटते.

केंद्रासाठी त्यांनी खोडद निवडले, त्यामागेही विचार होता. खोडदच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. एवढा खटाटोप करून शास्त्रज्ञ आकाशाचे बोलणे इथून ऐकतात, त्या अर्थी आकाश इथे बोलत असणार, हे उघड आहे. दुर्बिणीवर कामाला असलेला एक जण म्हणाला की, आम्हाला ऐकू येते ते फार लांबचे आणि फार जुने असते, त्यात कोणाच्या गुडघ्याचा उल्लेख अजून आलेला नाही. (नोकरदार माणूस कामापुरतेच ऐकतो.) गावातल्या कुंडलिकरावांची कांदा साठवायची बराख नेमकी रिकामी होती. बराखीच्या भिंती फटीफटीच्या, कांद्याला वारा लागावा म्हणून ठेवलेल्या. जी हवा कांद्याला सहा महिने टिकवते ती माणसाला का टिकवणार नाही, असा विचार करून मॅडमनी तिथे ‘ग्रहगती निरामय केंद्र’ असा फलक लावला. पहिल्याच सत्रात सर्व साधकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, अशी केंद्राची नोंद आहे.

उपचाराची पद्धत सोपी होती. तिला ‘सजग हालचाल’ म्हणत. हात उचलायचा, पण उचलतो आहे हे आधी स्वतःला कळवून. गावातली माणसे आजवर हात न कळवताच उचलत आली होती (काही जण तर दुसऱ्यावरही), त्यामुळे सुरुवातीला जरा जड गेले. कोणी कोणती हालचाल करायची हे मात्र पत्रिकेवरून ठरे. मेषेच्या माणसाने उडी मारण्याचा विचार करायचा आणि मारायची नाही. तुळेच्या माणसाने एका पायावर उभे राहायचे, मग दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्यावर. कन्या राशीला भूमी फार मानवते. रविवारी पुण्याहून जी मंडळी गाड्या घेऊन येत त्यांतल्या कन्येच्या साधकांना मॅडम कुंडलिकरावांच्या कांद्यात सजग खुरपणी करायला बसवत. ती मंडळी एका वाफ्यात अख्खी सकाळ काढत, मातीचा वास घेत आणि एकमेकांचे फोटो काढत. त्यांनी उपटलेल्यात गवत किती आणि कांदा किती, हे बघायला कुंडलिकरावांच्या बायकोला, प्रयागबाईंना, मागून जावे लागे.

प्रयागबाईंची कंबर ही त्या घरातली सर्वांत जुनी तक्रार होती. लग्न होऊन आल्यापासून त्या वाकल्या होत्या त्या वाकल्याच होत्या. चुलीपुढे, गोठ्यात, वाफ्यात, हौदावर. नारायणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि आराम अशी दोन औषधे सांगितली होती. मुलगा सार्थक याने गोळ्या त्याच दिवशी आणल्या. आराम दुकानात मिळत नसल्यामुळे तो राहून गेला.

म्हणजे घरातली माणसे वाईट होती असे मुळीच नाही. सून आरती सकाळी नोकरीवर जाण्याआधी निम्मे घर उरकून जाई आणि “आई, तुम्ही बसा, मी करते” असे मनापासून म्हणे. प्रयागबाई एकदा बसल्याही होत्या. पण ओसरीवर आलेल्या प्रत्येकाने “काय झालं? बरं न्हाई का?” असे विचारले. कुंडलिकरावांनी विचारले, सार्थकने विचारले, दूध घालायला आलेल्या माणसाने विचारले, आणि रस्त्याने चाललेली लंकाबाई तर बसलेल्या प्रयागबाईंना बघून मुद्दाम वळून आली. एवढ्या लोकांना उत्तरे देण्यापेक्षा उठणे सोपे होते. त्या उठल्या. घराला बरे वाटले.

अशा परिस्थितीत त्या केंद्रात दाखल झाल्या. मॅडमनी जन्मतारीख विचारली. प्रयागबाई म्हणाल्या, एक जून. त्यांच्यामागे शेजारच्या हाजराबी होत्या, बांगड्यांचा पिढीजात धंदा असलेल्या. त्याही म्हणाल्या, एक जून. मग लंकाबाई. एक जून. अंबाबाई. एक जून. चौघींचे सालही एकच निघाले.

इथे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, आपल्याकडे एका विशिष्ट वयाच्या वरची माणसे आईच्या पोटी कधीही जन्मली तरी सरकारदरबारी एक जूनलाच जन्मतात. पोराला शाळेत घालताना बाप म्हणायचा, आवसंच्या आसपासचा हाये. मास्तर अंगाकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे एक जून टाकायचे. ज्या शाळेची पायरीच चढल्या नाहीत त्यांना पुढे आधार कार्ड काढणाऱ्या पोराने एक जानेवारी देऊन टाकला. असे हे दोन दिवस सोडले तर जुन्या पिढीत वर्षभर कोणी जन्मतच नसे. मॅडम मात्र पुण्यात राहिलेल्या, जिथे माणसे बारा महिने जन्मतात. चार पत्रिका तंतोतंत जुळलेल्या पाहून त्या गहिवरल्या. हा ग्रहसमूह आहे, त्या म्हणाल्या, असे आत्मे एका गावात एकदम उतरणे फार दुर्मीळ असते.

हाजराबींनी खरे ते सांगून टाकले. “आमच्यात पत्रिका बघत न्हाईत, मॅडम. पन बसाया मिळनार असंल तर माझी तारीख हीच हाये.”

चौघींची रास मीन निघाली. मीनेला सध्या साडेसाती, तीही ऐन मधली. मॅडमनी त्यांना ‘स्थिरशनी क्रिया’ लिहून दिली. साधिकेने सूर्योदयापासून एक प्रहर पूर्वेकडे तोंड करून खुर्चीवर बसावे. वाकू नये. उचलू नये. कोणी हाक मारल्यास उठू नये. डोळ्यांची उघडझाप करण्यास हरकत नाही. या काळात चहा दुसऱ्याने केलेलाच घ्यावा, कारण स्वतः केलेल्या चहात शनीचा अंश उतरतो. आणि शेवटी, लाल शाईत: साधिका मध्येच उठल्यास साडेसातीचा भार घरातल्या कमावत्या माणसाच्या वाहनावर जातो.

सार्थकची पिकअप होती. तो टोमॅटो भरून रोज नारायणगावच्या बाजारात नेई. त्याने तो लाल मजकूर वाचला, पिकअपकडे पाहिले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमातून परत द्यायची राहिलेली प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः धुऊन अंगणात ठेवली. जे डॉक्टरांना जमले नाही, सुनेला जमले नाही, प्रत्यक्ष कमरेला जमले नाही, ते चार चाकांनी एका सकाळीत जमवले. शास्त्राचा विजय म्हणतात तो हाच.

पहिल्या दिवशी चहा कुंडलिकरावांनी केला. साखरेचा डबा कुठे असतो हे विचारायला ते दारात आले. बसल्या जागेवरून उत्तर देणे ही हालचाल आहे की नाही, याबद्दल नियमात काही नव्हते, म्हणून प्रयागबाई गप्प राहिल्या. चहा बिनसाखरेचा झाला. दूधही उतू गेलेले. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि का कोण जाणे, त्यांना एकदम आईची आठवण आली. आई गेल्यापासून भरलेला कप हातात आयता कोणी दिला नव्हता.

मग त्यांनी समोर पाहिले. दुर्बिणीच्या ताटल्या फिरतात हे त्या ऐकून होत्या. ताटल्या उभ्या राहिल्या तेव्हापासून प्रयागबाई त्यांच्या शेजारी राहत होत्या, पण फिरताना कधी पाहिल्या नव्हत्या. त्या फार सावकाश फिरतात, बघायला बसावे लागते. एवढे मोठे लोखंडी धूड, पण कोणी हाक मारल्यासारखे गर्रकन वळत नव्हते; आपल्या सवडीने, मजेत वळत होते. प्रयागबाईंना ते फार आवडले. त्या दिवसापासून त्या रोज बसल्या.

ओसरीवर येणारा आता “काय झालं?” असे विचारत नसे. शनी म्हटले की माणूस चप्पल न काढताच मागे फिरे. चारी घरांत हीच तऱ्हा होती. केंद्राच्या पहिल्या अहवालानुसार एक जूनच्या बायकांच्या कमरेत शंभर टक्के सुधारणा आढळली, आणि ही सुधारणा नेमक्या कोणत्या श्वासामुळे झाली यावर मॅडमनी एक व्याख्यानही दिले. एक जून ही कुंडलिकरावांचीही तारीख होती. पण बसण्याचा उपचार ते अनेक वर्षे स्वतःच्या मनाने घेत आलेले असल्यामुळे त्यांना वेगळी क्रिया देण्याची गरज पडली नाही.

अशा रीतीने सगळे सुरळीत चालले असताना बोरी बुद्रुकहून गोजरबाई आल्या.

गोजरबाई म्हणजे प्रयागबाईंची थोरली बहीण. बोरीला दिलेली, तिथेच म्हातारी झालेली, आणि गावातल्या सगळ्या जन्ममृत्यूंचा पत्ता तोंडावर असलेली. बहिणीला खुर्चीत बसलेले पाहून त्या आधी घाबरल्या. शनीचे कळल्यावर, प्रहर संपताच तिला घेऊन केंद्र बघायला बराखीत आल्या. तिथे मॅडम नव्या साधकांना एक जूनच्या ग्रहसमूहाची थोरवी सांगत होत्या. गोजरबाईंनी पदर सावरला.

“कसला एक जून?” त्या म्हणाल्या. “ही पोळ्याची हाये. आमचा बा बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत व्हता आन आईला कळा सुटल्या. त्या साली बैलांच्या आदी हिलाच ओवाळलं. मी तिथंच व्हते की.”

बराखीत वारा वाहायचा थांबला. हाजराबींनी प्रयागबाईंकडे पाहिले. प्रयागबाई जमिनीकडे पाहत होत्या.

मॅडमच्या प्रामाणिकपणाला तोड नाही, आणि तोच आड आला. आपल्या भागात पोळा भाद्रपदाच्या अमावास्येचा. त्यांनी तिथल्या तिथे नवी पत्रिका मांडली. रास कन्या. साडेसातीचा मागमूस नाही. कन्येला भूमी मानवते, म्हणून नवी क्रिया अशी: पहाटे उठून जात्यावर दळल्यासारखी कंबर फिरवावी, लाकूड फोडल्यासारखे हात वरून खाली आणावेत, झाडू मारल्यासारखे वाकून पुढे सरकावे, आणि उरलेल्या वेळात खुरपावे. प्रयागबाईंनी ऐकून घेतले. त्यात त्यांना नवीन काही शिकायचे नव्हते.

संध्याकाळी ही बातमी घरी आली तेव्हा कुंडलिकरावांनी चहाचे पातेले घासून फळीवर उपडे घातले, आणि काम नीट पार पडल्याच्या समाधानाने ओसरीवर येऊन बसले. सार्थकने खुर्ची उचलून पिकअपमध्ये ठेवली; ग्रामपंचायतीला परत द्यायची होती. “आई,” तो अगदी साधेपणाने म्हणाला, “मॅडम चुकलं म्हनाल्या. मग आता तुला बसायचं काय कारन?”

प्रयागबाईंनी खुर्ची होती तेवढी जागा झाडून घेतली. कंबर दुखते हे कारण होऊ शकते, हे त्या दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आले नाही. त्यांना फार वाईट वाटले, पण कोणाचे वाईट वाटले हे धरता येईना. पोरगा प्रेमाचाच होता. नवराही पाणी मागताना हळू आवाजात मागे. शनीनेच हात काढून घेतल्यावर माणसांना काय बोलणार.

आठवड्याभरात कंबर पूर्ववत झाली. रविवारी पुण्याची मंडळी येऊन खुरपून गेली, आणि प्रयागबाई त्यांच्या मागून उपटलेले कांदे पुन्हा लावत गेल्या. कन्या राशीच्या एक ताई त्यांच्याकडे कौतुकाने पाहून म्हणाल्या, “तुमच्यात किती सहज आहे हे सगळं.” प्रयागबाई म्हणाल्या, हो.

त्याच दिवशी त्यांनी बोरीला फोन लावला. “आक्का, शनवारी ये. शुक्रवारी सांजच्यालाच ये, सकाळी हितं पायजेस.”

“का गं? भांडायचंय व्हय?”

“न्हाई. चहाला ये.”

शनिवारी सूर्य उगवायला प्रयागबाईंनी हाजराबींकडची जास्तीची खुर्ची मागून आणली, अंगणात पूर्वेकडे तोंड करून मांडली आणि आक्काला त्यात बसवले. आक्का नेहमीप्रमाणे भांड्यांच्या आवाजासरशी उठू लागल्या. “पावनी हायेस,” प्रयागबाई म्हणाल्या. “पावनीनं उठायचं नसतं.” हा नियम शनीच्याही आधीचा, आणि कुंडलिकरावांनाही मान्य असलेला. मेहुणी आली म्हणून चहा त्यांनीच केला. एव्हाना साखरेचा डबा त्यांना सापडू लागला होता.

गोजरबाई सुरुवातीला कपाकडे संशयाने पाहत राहिल्या. मग पाठ खुर्चीला टेकली. आपली पाठ टेकता येते हे त्यांना नव्यानेच कळले असावे, कारण त्यांनी ती काढून पुन्हा एकदा टेकून पाहिली. मागे प्रयागबाई गोठा झाडत होत्या, वाकत होत्या, कण्हत होत्या. आक्काने वळून पाहिले आणि पुन्हा समोर पाहिले.

“त्या फिरत्यात व्हय गं?”

“फिरत्यात.”

“बोरीवरनंबी दिसत्यात. पन मी आजवर उभ्यानंच बघितल्या.”

ऊन गुडघ्यांपर्यंत आले तरी आक्का उठल्या नाहीत. कप रिकामा झाला तसा कुंडलिकरावांनी विचारले, आणखी घेता का, आणि गोजरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. बराख जवळच असल्यामुळे कोणी त्याचा वेगळा अर्थ लावला नाही.

दहाच्या सत्राला मॅडमना ती दुरुस्ती केंद्राच्या दप्तरी रीतसर घ्यायची होती. त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, “गोजरमावशी, प्रयागमावशींचा जन्म पोळ्याचा, हे तुम्हाला नक्की आठवतंय ना?”

गोजरबाई केंद्रातल्या एका खुर्चीत बसून बोलल्या. “पोळा मी म्हनले व्हते खरं. पन तो आमच्या मधल्या भावाचा. हिचा उन्हाळ्यातला. मास्तरांनी एक जून लिवलं ते खरं हाये. मास्तर लई हुशार व्हते.”

“आणि बैल? शिंगांना हिंगूळ?”

“बैल काय, उन्हाळ्यातबी असत्यात.”

मॅडमनी मान कलती ठेवून हे ऐकून घेतले. हरकत घेण्यासारखे त्यात काही नव्हते.

“आन माझी तारीख अजून कुनी इचारली न्हाई,” गोजरबाई म्हणाल्या.

“तुमची कोणती, मावशी?”

“एक जून.”

“साल?”

“हिचंच धरा.”

“म्हणजे तुम्ही जुळ्या?”

“न्हाई. मी चार वर्सांनी मोठी हाये.”

मॅडमनी पेन थोडा वेळ हवेत धरले, श्वास घेतला, सोडला आणि मीन लिहिले. असे आत्मे एकाच घरात दोनदा उतरणे तर त्याहूनही दुर्मीळ, असे त्यांनी पुढच्या व्याख्यानात सांगितले. सार्थकने त्याच दुपारी ग्रामपंचायतीतून खुर्ची परत आणली. येताना पिकअप त्याने अंमळ हळूच चालवली.

त्यानंतर केंद्राचा व्याप फार वाढला. बोरीहून बायका येऊ लागल्या, पेठहून आल्या, एक पिकअपभर तर थेट जुन्नरच्या बाजारातून आल्या. सगळ्या एक जूनच्या. एक जानेवारीच्या बायकांनी आपल्यावर अन्याय होत असल्याचे निवेदन दिले. त्यावर मॅडमनी असा निर्णय दिला की, ज्यांना शाळेत घातले नाही त्यांना घातले असते तर मास्तरांनी एक जूनच लिहिला असता, म्हणून त्यांनाही मीन देण्यास प्रत्यवाय नाही. काही पुरुषांनीही अर्ज केले. त्यांना प्रतीक्षा यादीत ठेवून, तोपर्यंत चहाची क्रिया देण्यात आली आहे.

प्रयागबाई आता रोज बसतात. शेजारच्या अंगणात हाजराबी बसतात. मधल्या कुंपणावरून दोघी कधी कधी एकमेकींकडे पाहतात, पण बोलत नाहीत. बोलल्या तर कोणाला वाटायचे, मोकळ्या आहेत. एकदा फक्त प्रयागबाईंनी मॅडमना गाठून विचारले की, ही साडेसाती अजून किती दिवस आहे. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. घाबरू नका, मावशी, त्या म्हणाल्या, चार-पाच वर्षांत सगळं संपेल.

“एवढीच?” प्रयागबाई म्हणाल्या.

हे वाचून ज्या सुशिक्षित वाचकांना खोडदच्या लोकांचे हसू आले असेल त्यांनी जरूर हसावे. त्यानंतर आपल्या आईची खरी जन्मतारीख आठवून पाहावी. कार्ड बघावे लागत असेल तर राहू द्यावे. एक जून धरावा, बहुतेक जुळेल. मग ती आत्ता, या क्षणी, बसलेली आहे की उभी, एवढे फक्त जाऊन बघून यावे. जागेवरून हाक मारून विचारू नये. हाक मारली की ती उठते.